कोंडवाड्यातले नाकेदारकाका

रिकाम्या हातानं घरी परतण्याची सोय आमच्या गावात कुणालाच उरली नव्हती, आणि या अवस्थेला सर्वस्वी जबाबदार असलेला इसम माझ्या शेजारच्या घरात राहत होता. 'इसम' हा शब्द मी एरवी वापरत नाही, तो त्यांचाच. जंगल खात्यात तीस वर्षं नाकेदारी करून ते निवृत्त झाले होते. म्हणजे तीस वर्षं त्यांनी रानात गस्त घातली, नाक्यावर उभं राहून लाकडाचे पास तपासले आणि पास नसेल त्याच्या डोक्यावरची मोळी उतरवून घेतली. खरं नाव त्यांच्या पेन्शनच्या कागदावर असेल. गाव त्यांना नाकेदारकाका म्हणे आणि त्यांची बायको 'हे' म्हणे. महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमाराला मी नेरहून या गावच्या शाळेत मराठी शिकवायला आलो. माझी ट्रंक अजून दारातच होती, तोच काका पळसाच्या पानांच्या द्रोणात लावलेलं सीताफळाचं रोप घेऊन समोर उभे राहिले. "मास्तर, हे ठेवा," एवढंच म्हणाले. माझ्या भाड्याच्या खोलीला अंगण नाही हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी आत डोकावून खोलीला खिडकी असल्याची खात्री करून घेतली आणि दुसऱ्या दिवशी आणखी दोन रोपं आणून दिली.

महिन्याभरात माझ्याकडे चौदा रोपं झाली. खाटेखाली आवळा, ट्रंकेवर कडुनिंब, आणि चहा करायचा तर आधी बेहड्याला स्टोव्हवरून उठवावं लागे. दिवाळीच्या सुट्टीत नऊ रोपं पोत्यात घालून मी नेरला मामाच्या शेतावर नेऊन टाकली आणि सुटलो असं समजलो. सुटलो कसला! काका दोन मोटारी बदलून नेरला गेले, मामाचा बांध पायाखाली घातला, दोन रोपं चुकीच्या जागी लावली आहेत म्हणून स्वतःच्या हातानं उपटून दुसरीकडे लावली, मामीच्या हातची भाकर खाल्ली आणि निघताना मामाला आणखी चार रोपं देऊन आले. लग्नात आहेर म्हणून रोप, बारशाला रोप, पोस्टमननं पत्र आणलं की त्याच्या सायकलच्या दांडीला रोप. यवतमाळच्या मोटारीचा कंडक्टर तर काका थांब्यावर दिसले की मोटार पुरती उभीच करत नसे. उतारू धावत्या मोटारीतून उतरत आणि तेवढ्यात काका खिडकीतून कुणाच्या तरी मांडीवर रोप ठेवून मोकळे होत.

या सगळ्या रोपांचं उगमस्थान म्हणजे गावचा जुना कोंडवाडा. मोकाट गुरं डांबण्यासाठी पंचायतीनं ओढ्याकाठी नवा कोंडवाडा बांधला आणि हा रिकामा पडला. चार दगडी भिंती, एक खोली, एक विहीर आणि अर्धा एकर शेणानं पोसलेली काळी जमीन. वाचनालयात गावातल्या जाणत्या मंडळींची सभा भरली आणि लोकांना आपल्याच भागातली झाडं, पाखरं, बियाणं पाहता यावीत म्हणून इथं एक सृष्टिदर्शन केंद्र काढायचं ठरलं. अकरा जणांचं मंडळ झालं. माझं अक्षर बरं म्हणून मी चिटणीस. पहिल्या दिवशी श्रमदानाला अकराही जण आले, दुसऱ्या दिवशी पाच आणि तिसऱ्या दिवशी एकटे काका, कुदळ घेऊन. त्यानंतर ते केंद्र म्हणजे काकाच झाले. त्यांना कुणी नेमलं नव्हतं, कुणी काही देत नव्हतं. पहाटे येऊन कावडीनं पाणी घालायला लागत ते दिवेलागणीला घरी जात. काकूंचं याबद्दल ठाम मत होतं. "सरकारनं सोडलं तवा मले वाटलं, आता तरी हे घरी दिसतीन," त्या मला म्हणायच्या. "आता जेवाले बलावाचं तं कोंडवाड्यात जा लागते."

नोकरी सुटली तरी काकांच्या अंगातली नाकेदारी सुटली नव्हती. वैशाखातसुद्धा अंगात खात्याचा खाकी कोट, कमरेला पट्टा, गळ्यात शिट्टी. त्या अर्ध्या एकराला ते सकाळ-संध्याकाळ गस्त घालत आणि एका फेरीला त्यांना पाऊण तास लागे, कारण प्रत्येक झाडापाशी थांबून रात्री काय काय घडलं याची ते चौकशी करत. कुणी फांदी मोडली तर शिट्टी वाजे. शेजारची बकरी भिंतीवर चढली तरी शिट्टी वाजे; मग तिला खाली उतरवून, चारा घालून, मालकाच्या दारापर्यंत पोचवून येत. गावातला एक म्हातारा सांड आयुष्यात इतक्यांदा कोंडवाड्यात डांबला गेला होता की, जागा बदलली हे त्याला पटलंच नाही. तो संध्याकाळी आपणहून फाटकात येऊन उभा राही. मी म्हटलं, काका, याला हाकला, वाफे तुडवील. काका म्हणाले, "त्याची जुनी जागा हाय, मास्तर. आपन नवे." त्या सांडानं पुढं अंबाडीचा एक अख्खा वाफा खाल्ला आणि काकांनी दुसऱ्या दिवशी फक्त त्याच्यासाठी म्हणून दुसरा वाफा पेरला.

खोलीत त्यांनी संग्रह मांडला होता. कुणीही काहीही आणावं, ते नाही म्हणत नसत. साळिंदराचे काटे, घुबडाचं पीस, सुगरणीचे खोपे, सापाची कात, आणि गावातल्या समस्त पोरांनी आणलेले दगड. प्रत्येक दगड हातात घेऊन, उन्हात धरून ते म्हणत, "हा फार कमी सापडते," आणि पोर छाती काढून घरी जाई. बोरी अरबचा एक शेतकरी लेकीकडे आला होता, त्यानं गणपतीसारखं दिसणारं रताळं आणून दिलं. काकांनी ते मधल्या फळीवर ठेवलं. महिन्याभरानं गणपतीला सोंडेवर कोंब फुटले, तेव्हा ते मोठ्या इतमामानं वाफ्यात नेऊन लावलं आणि पुढच्या हंगामात त्याची रताळी बोरी अरबला पाठवली.

पण खरी मजा चिठ्ठ्यांची होती. प्रत्येक झाडाला, प्रत्येक वस्तूला माहितीची चिठ्ठी हवी, हे मंडळाच्या सभेत मीच मांडलं होतं. काकांना लिहिता येत होतं, पण जन्मात त्यांनी पंचनाम्याखेरीज दुसरं काही लिहिलं नव्हतं. त्यामुळे मोहाच्या झाडावर चिठ्ठी लागली ती अशी: 'मोह. उंची अंदाजे पंधरा हात. पूर्वेच्या कोपऱ्यात जागेवर उभा मिळून आला. अंगावर घाव नाहीत. समक्ष मास्तर.' सापाच्या कातीवर लिहिलं होतं, 'सदर साप नजरेआड झाला.' आणि सुगरणीच्या रिकाम्या खोप्यावर, 'एक नग. मालक पसार.' मी पोट धरधरून हसलो आणि एकही चिठ्ठी बदलू दिली नाही. तेव्हा हसलो त्याची पुढं लाज वाटली, ते सांगतोच.

देण्याच्या बाबतीत काका माणूस पाहत नसत. छप्पन सालानंतर गावातली जी कुटुंबं बौद्ध झाली त्यांना वस्तीतल्या नव्या विहारापुढं पिंपळ हवा होता. काकांनी रोप स्वतः खांद्यावरून नेलं, खड्डा खणला, लावलं आणि तिथल्याच एका घरी ओट्यावर बसून चहा घेतला. संध्याकाळी चार शहाण्यांनी त्यांना फाटकात गाठून या चहाबद्दल नाराजी सांगितली. काकांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून त्या पिंपळाला रोज पाणी घालायला ते स्वतः जाऊ लागले, आणि गेले की चहा घेऊनच येत. पिंपळाला एवढं पाणी लागत नाही हे मला ठाऊक होतं आणि त्यांना तर होतंच.

असं सगळं गाव कोंडवाड्यात येत असे. फक्त एक वाट होती, तिच्यावरची माणसं येत नसत. आमच्या गावापासून झरी-जामणीकडे जाणाऱ्या त्या वाटेवर रानात कोलाम आदिवासींची पोडं आहेत. पोड म्हणजे त्यांची वस्ती. सोमवारच्या बाजाराला तिथली माणसं डोक्यावर मोळ्या घेऊन विकायला येत. कोंडवाडा रस्त्यालाच लागून. फाटकात खाकी कोट दिसला की ती अख्खी रांग मुकाट्यानं रस्ता ओलांडून पलीकडच्या काट्याकुट्यांतून चालायला लागे. बोलावलं की पावलं आणखी झपाझप पडत. काका हातात रोप घेऊन तसेच उभे राहत. गावभर रोपं वाटणाऱ्या माणसाच्या हातून रोप घ्यायला न थांबणारी माणसं मी एवढीच पाहिली. एका सोमवारी ते फाटकाजवळच्या दगडावर येऊन बसले आणि मला म्हणाले, "मास्तर, मले झाडं वळखाले यायनंच शिकवलं. रानात भूक लागली का काय खावं, ताप आला का कोन्ती साल उगाळावी, सारं ग्यान यायचंच. अन् म्या काय केलं? यायच्या डोक्स्यावरच्या मोळ्या उतरवल्या. एकडाव यायनं आत यावं, एवढंच वाटते." त्यांच्या तोंडून स्वतःसाठी काही मागितलेलं मी प्रथमच ऐकलं. म्हटलं, मग रीतसर आमंत्रण द्या ना.

ते त्यांनी दिलं. स्वतः लिहिलं. 'पोडावरील सर्व इसमांस समज देण्यात येते की, येत्या सोमवारी सकाळी बायकापोरांसह कोंडवाड्यात हजर व्हावे. येताना जंगलातील जो काही माल घरात असेल तो सोबत आणावा. कसूर होऊ नये. नाकेदार.' माल म्हणजे बिया, कंद, मध, पिसं, संग्रहात मांडायला. त्यांच्या मनात एवढंच होतं, आणि ते मला इतकं पक्कं ठाऊक होतं की कागदावर भलतंच उमटलंय हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मी नेहमीसारखा हसलो, दोन वेलांट्या सुधारल्या, खाली मंडळाचा गोल शिक्का मारला. तो शिक्का मीच हौसेनं यवतमाळहून करून आणला होता. कोतवालानं तो कागद तिन्ही पोडांवर खणखणीत आवाजात वाचून दाखवला, आणि मी मराठीचा मास्तर आहे हे इथं पुन्हा सांगून ठेवतो.

सोमवारी काकांनी अंगणात सडा घातला, फाटकाला आंब्याची पानं बांधली, कोटाची बटणं चिंचेनं घासून लखलखीत केली. काकूंनी चुलीवर पातेलंभर चहा ठेवला, ताटात गूळ आणि शेंगदाणे काढले. आठाच्या सुमाराला वाट माणसांनी भरून आली. चाळीसेक तरी असतील. म्हातारे, बाया, कडेवर पोरं. डोक्यावर मोळ्या, बांबू, टोपल्या. कुणाच्या खांद्यावर नांगर, कुणाच्या पाठीवर दाराची फळी, पाय बांधलेल्या कोंबड्या. "पाहा मास्तर, कितीक सामान आनलं," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात लहान पोराचा आनंद होता. पण माणसं फाटकातून आत आली नाहीत. बाहेर भिंतीला लागून एका ओळीत बसली, आणलेलं सगळं पुढं ठेवलं आणि हात जोडले. मागून चार जणांनी एक लांबलचक लाकूड आणून सगळ्यांच्या पुढ्यात ठेवलं. ते कुणाच्या तरी घराचं आढं होतं. चुलीच्या धुरानं खालून काळंभोर झालेलं, छपरातून नुकतंच सोडवलेलं, दोऱ्या अजून लोंबत होत्या. काकांनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

ओळीतून भीमाबाई उठली. ही दर सोमवारी रांगेच्या पुढं चालणारी वाळक्या अंगाची म्हातारी. नाक्यावर तिची मोळी काकांनी दोनदा उतरवली होती, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. तिनं आपली कुऱ्हाड काकांच्या पायाशी ठेवली.

"घरातलं सारं आनलं, साह्यब," ती म्हणाली. "आढं बी काढलं. आता पोराईले कोंडू नका."

काकांचा हात सवयीनं शिट्टीकडे गेला आणि तसाच खाली आला. मग ते तिच्यासमोर मातीत मटकन बसले. मला तो शिक्का कुठं लपवू असं झालं. काकू हातातली पळी तशीच घेऊन बाहेर आल्या. त्यांनी एकवार ओळीकडे पाहिलं, एकवार नवऱ्याकडे, आणि सगळं समजल्या. "बाई, यायले दुसरं लिवताच येत नाही," त्या भीमाबाईला म्हणाल्या. "च्या प्याले बलावलं हाय तुमाले." कुणाचा विश्वास बसला नाही. आम्ही चहाच्या कपबशा ओळीनं नेऊन ठेवल्या, त्या तशाच निवत राहिल्या. एका म्हाताऱ्यानं मला हळूच विचारलं, चहाचा दंड वेगळा द्यावा लागतो का.

तेव्हा काका उठले. त्यांनी कोट काढून भिंतीवर टाकला. आत मळकी बंडी होती. काकांना बिनकोटाचं मीसुद्धा तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी खांद्यावरच्या पंच्याची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि भीमाबाईच्या मोळीपाशी जाऊन वाकले. मोळी एकट्याच्या डोक्यावर चढत नाही, दुसऱ्यानं हात लावावा लागतो. "बाई, हात लाव," ते म्हणाले. ती हलली नाही. काका तसेच वाकून उभे राहिले, मान खाली, हात मोळीला. किती वेळ गेला सांगता येत नाही, पण काकूंना रडू यायला लागलं एवढा वेळ गेला. मग भीमाबाई पुढं झाली आणि तिनं हात लावला.

मोळी घेऊन काका बाजाराकडे निघाले. तीस वर्षं मोळ्या उतरवलेल्या माणसाला मोळी नेता येत नाही, हे त्या दिवशी सगळ्या बाजारानं पाहिलं. चुंबळ डोळ्यावर आली, मोळी एका अंगाला कलली, भाजीवाल्यांनी पसारे आवरले. मागून भीमाबाई, तिच्यामागं सगळं पोड, आणि सगळ्यांच्या मागं मी. पिठाच्या गिरणीपाशी काका एका बैलगाडीवर आपटता आपटता वाचले, तेव्हा मागून भीमाबाई म्हणाली, "साह्यब, मान सरळ ठेवा न," आणि हसली. ती हसली तशी बायका हसल्या, मग पोरं. लाकूडबाजारात मोळी उतरवून काका घामाघूम होऊन खाली बसले आणि तेही हसायला लागले. परत आल्यावर काकूंनी चहा पुन्हा गरम केला, तो सगळ्यांनी आत बसून प्याला. आढं बैलगाडीत घालून आम्ही त्याच दिवशी पोडावर पोचवलं. ते छपरात बसेस्तोवर काका खालून खांदा देऊन उभे होते. तो गोल शिक्का मी नंतर कधीच वापरला नाही.

त्यानंतर काकांनी कोट घातला नाही. तो खोलीतल्या खुंटीला टांगलेला असे. मी त्यावर चिठ्ठी लावली, 'खाकी कोट. एक नग. मालक पसार,' आणि काका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. दर सोमवारी मोळी विकली की भीमाबाई कोंडवाड्यात येई, एकेका झाडावरची चिठ्ठी वाचायला लावी आणि चुका काढी. काका पाटी घेऊन तिच्यामागून फिरत. नव्या चिठ्ठ्यांवर लिहिलेलं असे, 'भीमाबाईच्या जबानीप्रमाणे.' निघताना पोडावरच्या प्रत्येकाच्या हातात रोप असे. रोपांच्या बदल्यात ती माणसं मध आणत, कोंबडी आणत, चांगली वाळलेली लाकडं आणत. काका कशालाही हात लावत नसत. घरची चूल गोवऱ्यांवर चालायची, पण त्या माणसांच्या मोळीतली एक काडी त्यांनी कधी घेतली नाही. भीमाबाई चिडायची. "देता तं रोज. घेत काहून नाही?" काकांचं उत्तर ठरलेलं. "पुढच्या सोमवारी घेतो, बाई." असे चार-पाच वर्षांचे सोमवार गेले.

मग एका हिवाळ्यात त्यांना ताप आला. कोणती साल उगाळायची ते त्यांना ठाऊक होतं, ती उगाळली, डॉक्टरही झाले, पण उपयोग झाला नाही. रविवारी संध्याकाळी ते गेले. मला वाईट वाटलं हे सांगायला नको. खरं म्हणजे मला फार एकटं वाटलं. सकाळी गाव जमलं. लाकडाची व्यवस्था चिटणिसानं पाहावी असं कुणीतरी म्हणालं आणि मी बाजारात जायला बाहेर पडलो, तर दारात भीमाबाई उभी होती. डोक्यावर मोळी. तिच्यामागं वाटेवर दूरपर्यंत मोळ्याच मोळ्या. बाजाराच्या वाटेवर त्यांना कळलं होतं आणि ती सगळी रांग तशीच इकडं वळली होती.

"पुढच्या सोमवारी घेतो म्हने," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "हात लावा, मास्तर."

मी हात लावला आणि मोळी अंगणात उतरवली. मग पुढच्या बाईची, मग तिच्या मागच्याची. आत काकू दारात बसून पाहत होत्या. मोळ्यांचा ढीग ओट्याएवढा झाला तरी रांग संपली नव्हती. नको म्हणायला आता काका नव्हते, आणि त्या सोमवारी आमच्या गावच्या बाजारात विकायला एकही मोळी गेली नाही.